एथेल मैरे

एथेल मेरी मैरे (माहेरचे नाव: एथेल मेरी पार्ट्रिज, १७ फेब्रुवारी, १८७२ : बार्नस्टॅपल, डेव्हन, इंग्लंड – १८ नोव्हेंबर, १९५२ : डिचलिंग, ससेक्स, इंग्लंड) या इंग्लिश हातमाग विणकर, रंगारी, शिक्षिका आणि लेखिका होत्या. वनस्पतिजन्य रंगांनी सूत व लोकर रंगविण्याची विद्या ब्रिटनमध्ये पुन्हा प्रचारात आणणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव अग्रगण्य मानले जाते. कलातत्त्वज्ञ आनंद कुमारस्वामी यांच्या त्या पहिल्या पत्नी होत.

पूर्वायुष्य

एथेल यांचे वडील बार्नस्टॅपल येथे औषधविक्रेते होते. त्यांचे बंधू फ्रेड पार्ट्रिज हे दागिने घडविणारे कारागीर असून सी. आर. अ‍ॅशबी यांच्या हस्तव्यवसाय संघाशी संबंधित होते. एथेल यांनी संगीताचे शिक्षण घेऊन पियानो शिकविण्याची पात्रता मिळविली आणि काही काळ इंग्लंडमध्ये व जर्मनीत गृहशिक्षिका म्हणून काम केले.

सिलोनमधील वास्तव्य

१९०२ साली त्यांचा विवाह आनंद कुमारस्वामी यांच्याशी झाला. कुमारस्वामी त्या वेळी भूवैज्ञानिक म्हणून काम करीत होते. पुढल्या वर्षी हे दांपत्य सिलोनला (आताचे श्रीलंका) गेले. खनिजांच्या सर्वेक्षणासाठी गावोगाव फिरत असताना दोघांनी कँडी परिसरातील परंपरागत कारागिरांचे काम बारकाईने पाहिले. कारखान्यांत तयार झालेला आयात माल बाजारात आल्यामुळे हे कारागीर आपला धंदा सोडत होते. एथेल यांनी छायाचित्रे काढली, नोंदी ठेवल्या आणि भरतकामाचा विशेष अभ्यास केला. कुमारस्वामींच्या मध्ययुगीन सिंहली कलेवरील ग्रंथाला (१९०८) या सामग्रीचा उपयोग झाला.

१९०७ साली ते इंग्लंडला परतले व ग्लॉस्टरशायरमधील ब्रॉड कॅम्पडेन येथे राहू लागले. तेथे एथेल यांनी विणकाम व रंगकामाचे प्रयोग सुरू केले. पुढे हा विवाह संपुष्टात आला. १९१३ साली त्यांनी फिलिप मैरे यांच्याशी विवाह केला आणि स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनजवळील शॉटरी येथे घर व कार्यशाळा उभारली.

वनस्पतिजन्य रंगांवरील कार्य

१८५६ साली विल्यम पर्किन यांनी पहिला कृत्रिम रंग शोधला. त्यानंतर मंजिष्ठेतील रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले आणि १८९७पासून कृत्रिम नीळ बाजारात आली. अवघ्या अर्धशतकात रंगाऱ्यांचे पिढीजात ज्ञान निरुपयोगी ठरू लागले. ज्या कृती तोंडी परंपरेने चालत आल्या होत्या, त्या जाणत्या माणसांबरोबरच नाहीशा होण्याची भीती होती. मैरे यांनी जुने ग्रंथ व ग्रामीण भागांतील प्रचलित कृती एकत्र करून १९१६ साली वनस्पतिजन्य रंगांवरील आपले पुस्तक लिहिले. डग्लस पेपलर यांनी ते प्रसिद्ध केले.

या पुस्तकात लोकर, रेशीम, कापूस व ताग-अळशीसारखे तंतू, रंगबंधके आणि निळा, तांबडा, पिवळा, तपकिरी, काळा व हिरवा या रंगांच्या कृती दिल्या आहेत. बहुतेक वनस्पतिजन्य रंग लोकरीवर आपोआप टिकत नाहीत. त्यासाठी धुतलेल्या लडी आधी रंगबंधकाच्या पाण्यात उकळाव्या लागतात. सर्वाधिक वापरात असलेले रंगबंधक म्हणजे तुरटी; तिचे प्रमाण लोकरीच्या वजनाच्या साधारण चतुर्थांश असते. हिराकस वापरल्यास तोच रंग गडद व मळकट छटेचा होतो. मंजिष्ठेच्या मुळांपासून तांबडा, अक्रोडाच्या सालींपासून तपकिरी, तर दगडफुलांपासून तांबूस-तपकिरी रंग मिळतो. नीळ मात्र पाण्यात विरघळत नाही. कुंडात तिचे क्षपण करून सूत बुडवावे लागते. बाहेर काढल्यावर हवेतील ऑक्सिजनमुळे ते निळे होते. पिवळ्या सुतावर निळीचा हात दिला की हिरवा रंग तयार होतो.

डिचलिंग येथील कार्यशाळा

पहिल्या महायुद्धाच्या काळात मैरे दांपत्य ससेक्समधील डिचलिंग या गावी आले. शिल्पकार एरिक गिल यांच्यामुळे हे गाव कारागिरांचे केंद्र बनले होते. येथे बांधलेल्या गॉस्पल्स या घरात एथेल यांनी अखेरपर्यंत कार्यशाळा चालविली. सूतकताई, रंगाई व विणाई ही तिन्ही कामे तेथे एकाच छपराखाली होत. कुंभार बर्नार्ड लीच आणि जपानी कुंभार शोजी हामादा यांनीही या घराला भेट दिली होती.

त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकी एलिझाबेथ पीकॉक, मारियान श्ट्राउब आणि पीटर कॉलिंगवुड पुढे नामवंत झाले. श्ट्राउब यांनी वेल्समधील लोकरीच्या गिरण्यांसाठी, तसेच लंडनच्या बस व रेल्वेगाड्यांतील आसनांच्या कापडासाठी संकल्पन केले.

विचार

कृत्रिम रंगांच्या प्रसारामुळे रंगांचा दर्जा व रंगाऱ्याची जाण दोन्ही घसरली, असे मैरे यांचे आरंभीचे मत होते. तथापि हातमागाने यंत्रयुगाकडे पाठ फिरवावी, असे त्यांनी मानले नाही. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या हातमागावरील ग्रंथात त्यांनी विणकर आणि गिरण्या यांच्यात सहकार्य असावे, असे प्रतिपादन केले. हस्तव्यवसाय केवळ फावल्या वेळचा छंद म्हणून उरला तर त्याची कसोटी सैल होईल, ही त्यांची चिंता होती. म्हणूनच शिक्षणातील विणकामाच्या स्थानावर त्यांनी १९४२ साली स्वतंत्र पुस्तक लिहिले.

सन्मान व वारसा

ब्रिटनमधील रॉयल डिझायनर फॉर इंडस्ट्री हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. डिचलिंग येथील संग्रहालयात त्यांनी विणलेली वस्त्रे व रंगविलेल्या सुताचे नमुने जतन केले आहेत. त्यांचे रंगांवरील पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर विनामूल्य वाचता येते. घरच्या घरी लोकर रंगवून मोजे वा स्वेटर विणणाऱ्या हौशी मंडळींना त्यातील कृती आजही उपयोगी पडतात. मात्र क्रोम व कथिलाची संयुगे विषारी असल्याने त्या भागातील कृती आता सहसा टाळल्या जातात.