दीड दिवस शाळा शिकलेले अण्णाभाऊ



दरवर्षी १ ऑगस्टला आपल्या शाळेत टेबलावर दोन फोटो ठेवतात. एक लोकमान्य टिळकांचा व दुसरा अण्णाभाऊ साठे यांचा. टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊंची जयंती एकाच दिवशी येते. भाषणे मात्र बहुतेक टिळकांवरच होतात, कारण शेंगांच्या टरफलांची गोष्ट सर्वांना पाठ आहे. यंदा गुरुजींनी मला अण्णाभाऊंवर बोलायला सांगितले. मला आधी काहीच माहिती नव्हती. गुरुजींनी पुस्तके दिली, तोंडीही पुष्कळ सांगितले. तमाशाचे मात्र आमच्या आजीलाच जास्त ठाऊक निघाले. भाषणात सगळे मावले नाही, म्हणून इथे लिहीत आहे.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात आहे. त्यांचे खरे नाव तुकाराम. वडिलांचे नाव भाऊराव व आईचे वालूबाई. ते मातंग समाजातले. त्या काळी इंग्रज सरकारने काही जातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता. कुठे चोरी झाली की आधी याच लोकांना धरत. माणसाने काही केलेले असो वा नसो, जात बघून धरायचे. हे वाचून मला फार राग आला.

तुकारामला शाळेत घातले. पण तेथे या मुलांना इतरांपासून वेगळे बसावे लागे, आणि अक्षर चुकले की मार. दीड दिवसात त्याची शाळा सुटली ती कायमची. मित्रांनो, दीड दिवस म्हणजे आपली एक मोठी आणि एक छोटी सुट्टी झाली की संपलेच!

पुढे गावात पोट भरेना. १९३१ च्या सुमारास वडिलांबरोबर सगळे घर मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून पायी. वाटेत मिळेल ते काम करायचे आणि पुढे चालायचे. आम्ही ऊसतोडीला जातो तेव्हा निदान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातो. सामानाच्या वर मी आणि धाकटा भाऊ. तरीसुद्धा मला रस्ता संपता संपत नाही. त्यांनी तर शेकडो किलोमीटर पायाने तुडवले.

मुंबईत त्यांनी पडेल ते काम केले. हमाली केली, कोळसे वेचले, फिरून माल विकला, कापडाच्या गिरणीत राबले. आणि याच दिवसांत ते वाचायला शिकले. कोणी शिकवले? दुकानांच्या पाट्यांनी आणि सिनेमाच्या जाहिरातींनी! अक्षराला अक्षर जोडत ते वाचत गेले. गिरणीतले काम सुटल्यावर ते गावी परतले आणि नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात गेले.

आता तमाशाचे आजीने सांगितलेले लिहिते. तमाशात आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गौळण. मग बतावणी, यात सोंगाड्या हसवून हसवून पुरेवाट करतो. शेवटी वग, म्हणजे मोठी गोष्ट. वग बहुतेक राजाराणीचा असे. कोस कोस चालून माणसे बघायला येत आणि पहाटेला परत जात. चांगल्या घरची माणसे मात्र तमाशाचे नाव काढले की नाक मुरडत.

अण्णाभाऊ पुन्हा मुंबईला आले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहू लागले. तेथे कामगारांची वस्ती होती आणि डासांचा सुळसुळाट होता. त्यांनी पहिले गाणे लिहिले ते डासांवर! मला हे फार आवडले. जे रात्रंदिवस चावत होते त्याच्यावरच गाणे केले. पुढे सावकार, जमीनदार, गिरणीमालक यांच्यावर लिहिले तेही असेच.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. तिघेही एकापेक्षा एक. अमर शेख बार्शीचे, त्यांचा आवाज पहाडी. कलापथक चाळींत, मैदानांत, खेड्यांत कार्यक्रम करी. अण्णाभाऊंनी तमाशाचा साचा तोच ठेवला, आतला माल बदलला. गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन केले. गौळणीला फाटा दिला. वगात राजाराणीच्या जागी शेतकरी, सावकार, कामगार आणि मालक आणले. अकलेची गोष्ट, शेटजींचे इलेक्शन, देशभक्त घोटाळे ही त्यांच्या वगांची नावे. नावे वाचूनच हसू येते ना?

मी गुरुजींना विचारले, की एवढे दुःख सांगायचे तर हसवायचे कशाला? गुरुजी म्हणाले, जे लोक पाहायला येत त्यांतल्या पुष्कळांना वाचता येत नव्हते. सावकार वहीत काय लिहितो ते त्यांना कळत नसे, आणि त्याच्यासमोर बोलायची भीती वाटे. तोच सावकार स्टेजवर फजीत झालेला पाहिला की ते पोटभर हसत. एकदा हसले की भीती कमी होई. मग घरी जाताना विचार सुरू होई, की आपल्याकडेही असेच चालते की!

सरकारलाही हे कळले असणार. कारण स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने त्यांच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. पण ते गप्प बसले नाहीत. पुढे तमाशाला लोकनाट्य हे मानाचे नाव मिळाले, त्यात अण्णाभाऊंचा मोठा वाटा आहे.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आली. तेव्हा त्यांनी माझी मैना गावावर राहिली ही छक्कड लिहिली. पोटासाठी मुंबईला आलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, आणि ऐकता ऐकता कळते की बेळगाव, कारवार, निपाणी असेच आपल्यापासून दूर राहिले. आजीला ती अजून येते. म्हणताना तिचे डोळे भरतात, कारण आमचे आई-बाबा दरवर्षी सहा महिने बाहेर असतात. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. त्यात शाहिरांच्या डफाचाही वाटा आहे.

दीड दिवस शाळा शिकलेल्या या माणसाने तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या, कथा लिहिल्या. फकिरा ही कादंबरी १९५९ ची. दुष्काळात उपाशी माणसांसाठी इंग्रजांचा खजिना लुटणाऱ्या वीराची ती गोष्ट. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचे बक्षीस मिळाले. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावरही पुस्तक लिहिले. एवढे होऊनही ते कित्येक वर्षे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहिले. शेवटपर्यंत गरिबी सुटली नाही. १८ जुलै १९६९ रोजी ते वारले. वय पन्नासही नव्हते. २००२ साली भारत सरकारने त्यांचे पोस्टाचे तिकीट काढले आणि २०२२ मध्ये मॉस्को शहरात त्यांचा पुतळा बसला.

आता आमचे सांगते. हे सगळे ऐकल्यावर आम्ही सातवीच्या मुलांनी ठरवले, की नुसते भाषण नको, दहा मिनिटांची बतावणी करू. तिचे नाव ठेवले उचल. एकजण मुकादम झाला. त्याच्या हातात जाड वही. मी कोयता घेऊन आई झाले. कोयता पुठ्ठ्याचा होता. मुकादम हिशेब करतो, आणि कितीही मोळ्या बांधल्या तरी उचल काही फिटत नाही. तेव्हा पालक इतके हसले की पुढचे ऐकू येईना. माझे बाबाही हसले.

मग दिवाळीनंतरची शाळा दाखवली. गुरुजी झालेला मुलगा हजेरी घेतो. एक नाव, उत्तर नाही. दुसरे नाव, उत्तर नाही. नावे आम्ही खोटीच घेतली होती. पण पटांगणात कोणी हसले नाही.

त्या रात्री बाबांनी मला विचारले, की गेल्या वर्षी तुझे किती दिवस बुडाले? मी हजेरीपटावरून मोजून ठेवलेच होते. एकशे बारा. बाबा काही बोलले नाहीत. यंदाची उचल घेऊन झाली आहे, तेव्हा त्यांना जावे लागणारच. मला आणि भावाला आजीजवळ ठेवायचे की न्यायचे, ते दसऱ्याला ठरेल.

पालकांनो, ज्यांना जमेल त्यांनी मुलांना आजी-आजोबांजवळ ठेवा. ज्यांना न्यावेच लागेल, त्यांनी निघण्याआधी गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवले की कारखान्याजवळच्या शाळेत बसता येते. अण्णाभाऊ पाट्या वाचून शिकले, ते फार मोठे होते. आम्हाला शाळेतच शिकायचे आहे.

– इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी