सुगरणीचे गुपित

सलीम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईस झाला. आईवडिलांचे छत्र लवकरच हरपल्याने मामांनी त्यांचा सांभाळ केला. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणत्या जातीची, हे विचारावयास ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि त्यांना पक्ष्यांचा छंद जडला.

पुढे जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून ते १९३० साली परतले, तो वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली! परंतु ते खचले नाहीत. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळील किहीम गावी जाऊन राहिले. तेथे घराजवळच सुगरण पक्षी घरटी बांधीत. सलीम अली तासन्‌तास बसून ती पाहत व प्रत्येक गोष्ट टिपून ठेवीत.

घरटे विणतो तो नर. ते अर्धे होताच मादी येऊन पारखते. पसंत पडले तरच ती तेथे राहते. मग नर ते पुरे करतो. आणि ती अंडी उबवू लागताच दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणू लागतो. सुगरणीच्या संसाराचे हे गुपित त्यांनी उलगडले. बेकारीच्या त्या दिवसांनीच त्यांना पक्षिशास्त्रज्ञ म्हणून नावलौकिक मिळवून दिला.

१९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. १९८७ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते निवर्तले. पाखरांकडे पाहण्याचा त्यांचा आनंद अखेरपर्यंत ओसरला नाही.