कृष्ण मेनन यांचे मतदारसंघ

व्ही. के. कृष्ण मेनन हे मुंबईचे नव्हते, ही गोष्ट मुंबईला १९५७ साली ठाऊक होती आणि १९६२ सालीही ठाऊक होती. १९६६ च्या अखेरीस मात्र मुंबई प्रदेश काँग्रेसने ती जणू नव्याने शोधून काढली आणि लोकसभेचे तिकीट त्यांना नाकारले. मधल्या काळात मेनन यांचे जन्मस्थान बदलले नव्हते, मातृभाषा बदलली नव्हती. बदलले होते ते दिल्लीतील आणि मुंबईतील राजकारण. लोकसभेची निवडणूक जवळ आली की उमेदवार स्थानिकच हवा, अशी मागणी आजही बहुतेक सर्व पक्षांतून होते. तिच्यात खरे किती आणि सोयीचे किती, हे पाहावयाचे तर मेनन यांच्या आयुष्याइतके बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

कायदा या बाबतीत उदार आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार लोकसभेच्या सर्वसाधारण जागेसाठी उभे राहावयाचे, तर देशातील कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत मतदार म्हणून नाव असणे पुरेसे असते. राज्यसभेच्या उमेदवाराने त्या त्या राज्यातील मतदार असले पाहिजे, अशी अट पूर्वी होती. तिच्यापायी अनेक थोरामोठ्यांना परराज्यातील पत्ते दाखवावे लागत. ती अट २००३ साली रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती दुरुस्ती वैध ठरविली. तेव्हा उपरेपणाचा मुद्दा हा कायद्याचा नाही. तो मतदाराच्या मनाचा आणि त्याहून अधिक पक्षांच्या सोयीचा आहे.

मेनन यांचा जन्म १८९६ साली मलबारातील कालिकतचा. वडील वकील, घर सुखवस्तू. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना ते अॅनी बेझंट यांच्या चळवळीकडे ओढले गेले आणि १९२४ साली इंग्लंडला गेले. तेथून कायमचे परत यावयास त्यांना सुमारे अठ्ठावीस वर्षे लागली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॅरॉल्ड लास्की यांच्या हाताखाली शिक्षण, पुढे बॅरिस्टरी, आणि या साऱ्यावर कडी करणारे इंडिया लीगचे काम. हिंदुस्थानचे स्वातंत्र्य हा ब्रिटिश मतदाराच्या डोक्यात भरवून देण्याचा विषय आहे, असे मानून या माणसाने सभा, पत्रके, शिष्टमंडळे यांत आयुष्याची उमेदीची वर्षे घातली. १९३२ साली लीगचे एक शिष्टमंडळ हिंदुस्थानात येऊन गेले. त्यात मेनन यांच्याबरोबर एलन विल्किन्सन यांच्यासारख्या मजूर पक्षाच्या कार्यकर्त्या होत्या, आणि त्याच्या अहवालाला बर्ट्रांड रसेल यांची प्रस्तावना लाभली. मेनन राहत भाड्याच्या साध्या खोलीत आणि जगत बहुतांशी चहावर.

या काळातील एक प्रकरण आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र ते सर्वांत महत्त्वाचे आहे. १९३४ साली लंडनमधील सेंट पँक्रास या बरोच्या कौन्सिलवर मेनन मजूर पक्षाच्या वतीने निवडून आले आणि १९४७ पर्यंत तेथे नगरसेवक राहिले. हा भाग मोठ्या रेल्वे स्थानकांचा, दाट चाळवजा वस्तीचा आणि कष्टकऱ्यांचा. काळ्या वर्णाचा, तिरसट स्वभावाचा, परक्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी झगडणारा हा मलबारी गृहस्थ त्या मतदारांचा कोण लागत होता? परंतु तो त्यांच्यातच राहत होता आणि कौन्सिलच्या समित्यांचे कंटाळवाणे काम निष्ठेने करीत होता. सार्वजनिक ग्रंथालये हा त्याचा खास विषय. त्याच सुमारास पेलिकन या स्वस्त पुस्तकमालेच्या संपादनातही त्यांचा वाटा होता. चार आण्यांच्या पुस्तकात सामान्य माणसाला ज्ञान मिळावे, हा ध्यास एकच, एकदा प्रकाशकाच्या कचेरीत आणि एकदा नगरपालिकेच्या वाचनालयात. पुढे सेंट पँक्रासने त्यांना बरोचे सन्माननीय नागरिकत्व बहाल केले. हा मान त्यांच्याआधी बर्नार्ड शॉ यांना मिळाला होता, आणि शॉही जन्माने त्या बरोचे नव्हते, डब्लिनचे होते.

याच वर्षांत स्कॉटलंडमधील डंडी या मतदारसंघासाठी मजूर पक्षाने त्यांना आपला भावी उमेदवार म्हणून निवडले होते. ती उमेदवारी दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीच्या काळात पक्षश्रेष्ठींनी काढून घेतली. कारण त्यांचे उपरेपण नव्हते, साम्यवाद्यांशी त्यांची असलेली सलगी हे होते. डंडीच्या मजूर कार्यकर्त्यांना मेनन चालले, लंडनच्या कार्यालयाला चालले नाहीत. पुढे मुंबईत याच्या नेमके उलट घडावयाचे होते.

स्वातंत्र्यानंतरची त्यांची कारकीर्द सर्वश्रुत आहे. ब्रिटनमध्ये हाय कमिशनर, जीप खरेदीचे गाजलेले प्रकरण, संयुक्त राष्ट्रसंघातील वादळी भाषणे, १९५३ साली मद्रास राज्यातून राज्यसभा, १९५६ साली मंत्रिमंडळ. १९५७ च्या जानेवारीत सुरक्षा समितीपुढे काश्मीरवर त्यांनी दोन दिवसांत मिळून सुमारे आठ तास भाषण केले आणि देशभर त्यांचे नाव झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच सार्वत्रिक निवडणूक होती. पंडित नेहरूंना हा माणूस लोकसभेत हवा होता आणि त्यासाठी जागा निघाली ती उत्तर मुंबईची. मराठी, गुजराती, दाक्षिणात्य, ख्रिस्ती, फाळणीनंतर आलेले सिंधी अशा नाना जमातींचा हा उपनगरी मतदारसंघ होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेने त्या वर्षी पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडविली. मेनन मात्र निवडून आले आणि संरक्षणमंत्री झाले.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. सेंट पँक्रासमध्ये मेनन यांनी जे नाते मेहनतीने बांधले, ते उत्तर मुंबईत त्यांच्या हाती आयते पडले. मंत्रिपदाचा व्याप आणि न्यूयॉर्कच्या वाऱ्या यांतून कुर्ला, घाटकोपर, अंधेरीच्या मतदाराच्या वाट्याला त्यांचा खासदार कितीसा येणार? पहाटे नळापाशी रांग लावणाऱ्याला आणि लोकलच्या दारात लोंबकळत कचेरी गाठणाऱ्याला आपल्या भाषेत बोलणारा, गाठता येण्याजोगा प्रतिनिधी हवासा वाटला, तर त्याला संकुचित म्हणून हिणविणे हा दिल्लीतील विद्वानांचा उद्योग झाला. स्थानिक उमेदवाराच्या मागणीचा जो सकस गाभा आहे तो हाच. प्रतिनिधी आपल्या हाताशी असावा आणि त्याला आपल्यापुढे जाब देणे भाग पडावे, असे मतदाराला वाटते. उमेदवार वरून लादला जातो तेव्हा हा जाब मतदारसंघाकडे न जाता लादणाऱ्याकडे जातो.

१९६२ च्या निवडणुकीत हा जाब मागितला गेला, आणि तो योग्य मुद्द्यावर मागितला गेला. आचार्य कृपलानी यांनी आदल्या वर्षी लोकसभेत मेनन यांच्या संरक्षण खात्याच्या कारभारावर कडाडून हल्ला चढविला होता. तेच उत्तर मुंबईत त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. कृपलानी जन्माने सिंधमधील हैदराबादचे, मेनन कालिकतचे. दोन्ही उमेदवार बाहेरचे असल्याने उपरेपणाचे चलन त्या बाजारात खपण्याजोगे नव्हतेच. प्रश्न उरला तो एकच, चीनसंबंधीचे धोरण आणि सैन्याची तयारी. उपनगरांतील मैदानांत देशाच्या संरक्षणाची चर्चा झाली, नेहरू स्वतः प्रचाराला आले आणि सगळ्या देशाचे लक्ष या एका जागेकडे लागले. त्याआधी दोनच महिने, १९६१ च्या डिसेंबरात, गोवा मुक्त झाला होता आणि त्याचे श्रेय संरक्षणमंत्र्यांच्या पदरात पडले होते. मेनन जवळजवळ दीड लाख मतांच्या आघाडीने विजयी झाले. मतदारांचा कौल चुकला असे पुढे अनेकांना वाटले. परंतु त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न चुकीचा होता असे कोणाला म्हणता येणार नाही.

त्याच वर्षी २० ऑक्टोबरला चिनी सैन्य चालून आले. कृपलानी यांनी दिलेले इशारे खरे ठरले. महिना उलटण्यापूर्वी मेनन यांना आधी संरक्षण खाते आणि नंतर मंत्रिपदच सोडावे लागले. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले आणि १९६३ साली नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. चव्हाण कऱ्हाडचे, नाशिकशी त्यांचा घरोबा नव्हता. पण नाशिककरांनी त्यांना उपरे म्हटले नाही, आणि ते न म्हणण्यात काही चुकले असेही नाही.

मेनन यांनी पुढची चार वर्षे साधे खासदार म्हणून काढली. १९६७ च्या निवडणुकीत मतदारांनी त्यांना चीनच्या पराभवाचा जाब विचारला असता, तर ते लोकशाहीला धरून झाले असते. १९६२ च्या कौलाचा हिशेब त्याच मतदारांनी पुरा केला असता. पण तिकीट नाकारताना कारण पुढे करण्यात आले ते ते महाराष्ट्रीय नसल्याचे. हे कारण ज्या मुंबई काँग्रेसने दिले, तिच्यावर पगडा होता स. का. पाटील यांचा. मेनन यांच्या डाव्या विचारांशी पाटील यांचे वैर जुने होते. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून झटणाऱ्यांत हेच पाटील अग्रभागी होते. मुंबई महाराष्ट्राची नाही म्हणणाऱ्यांच्या गोटातून, मुंबईचा खासदार महाराष्ट्रीय हवा, अशी हाक यावी यातील विनोद त्या काळच्या मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज पडली नसेल.

काँग्रेसने उमेदवारी दिली ती स. गो. बर्वे यांना. बर्वे हे निष्कलंक आणि कर्तबगार सनदी अधिकारी. पानशेतच्या पुरानंतर पुणे पुन्हा उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा. १९६२ साली ते पुण्यातून विधानसभेवर गेले आणि राज्यात मंत्री झाले. त्यांच्या योग्यतेविषयी दुमत नव्हते, पण कुर्ला-घाटकोपरशी त्यांचे नाते काय, हे कोणी विचारले नाही. पुण्याचा माणूस स्थानिक आणि दहा वर्षे तेथील खासदार असलेला माणूस उपरा! स्थानिक या शब्दाचा अर्थ मतदारसंघातला असा राहिला नव्हता, तो आपल्या भाषेचा असा झाला होता. १९६६ च्या जूनमध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने हाच सूर लावला आणि दाक्षिणात्य मेनन यांच्याविरुद्ध बर्वे यांच्यासाठी प्रचार केला. काँग्रेसमधून बाहेर पडलेले मेनन अपक्ष म्हणून उभे राहिले. साम्यवादी पक्ष त्यांच्या पाठीशी उभा राहिला, आणि हा पक्ष संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आघाडीवर होता.

ईशान्य मुंबईच्या या लढतीत बर्वे सुमारे तेरा हजार मतांनी विजयी झाले. एवढ्या विरोधानंतरही मेनन यांचा पराभव इतक्या थोडक्या फरकाने व्हावा, यावरून सारे मतदार जन्मस्थान पाहून मत देत नव्हते हे उघड आहे. पण नियतीचा खेळ तेथे थांबला नाही. निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्वे यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांना उभे केले आणि मेनन पुन्हा हरले.

त्याच सार्वत्रिक निवडणुकीत दक्षिण मुंबईत खुद्द स. का. पाटील पडले. कोकणच्या या पुत्राला, मुंबईच्या या अनभिषिक्त राजाला पाडले ते मंगळूरहून पोटासाठी आलेल्या जॉर्ज फर्नांडिस या कामगार पुढाऱ्याने. फर्नांडिस यांच्यामागे भाषा नव्हती, जात नव्हती, घराणे नव्हते. होते ते टॅक्सीवाले, पालिकेचे कामगार, हॉटेलांतील पोरे, ज्यांच्याबरोबर ते रस्त्यावर उतरले होते. पाटील यांनी पुढे लोकसभा गाठली ती १९६९ च्या पोटनिवडणुकीत, गुजरातमधील बनासकांठ्यातून. मेनन यांना लावलेली कसोटी त्यांनी स्वतःला लावून घेतल्याचे दिसले नाही. फर्नांडिस १९७७ साली तुरुंगात असताना बिहारमधील मुझफ्फरपूरहून निवडून आले.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार करताना १९४६ सालची एक घटनाही विसरून चालत नाही. घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मुंबई प्रांताच्या विधिमंडळातून वाट मिळाली नाही. ती दिली बंगालने, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांमुळे. फाळणीत ती जागा गेल्यावर मग मुंबईने त्यांना पाठविले. स्थानिकपणाचा नियम तेव्हा काटेकोरपणे पाळला गेला असता, तर मसुदा समितीच्या अध्यक्षाच्या खुर्चीत कोण बसले असते, हा तर्क प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा.

मुंबईने दोनदा नाकारल्यावर मेनन यांचे राजकीय जीवन संपले असे सर्वांनी धरले होते. वय सत्तरीपलीकडे, प्रकृती तोळामासा, पक्ष नाही, नेहरू नाहीत. १९६९ च्या पोटनिवडणुकीत ते पश्चिम बंगालमधील मिदनापूर येथे अपक्ष म्हणून उभे राहिले. त्यांना बंगाली येत नव्हते आणि तेथे त्यांचे कोणी नव्हते. संयुक्त आघाडीच्या पाठिंब्यावर ते लाखाहून अधिक मतांच्या फरकाने निवडून आले. हा विजय त्यांच्या मिदनापूरशी असलेल्या नात्याचा होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तो आघाडीच्या संघटनेचा होता, जसा १९५७ चा विजय काँग्रेसच्या संघटनेचा होता. १९७१ साली ते तिरुवनंतपुरममधून, पुन्हा अपक्ष म्हणून आणि पुन्हा डाव्यांच्या बळावर, लोकसभेवर गेले. अखेर ते आपल्या राज्यात परतले खरे, पण तेही जुन्या त्रावणकोर संस्थानच्या राजधानीत. त्यांचा मलबार तेथून शेकडो किलोमीटर दूर, आणि त्यांच्या तरुणपणी ब्रिटिश अंमलाखालचा वेगळाच मुलूख होता.

६ ऑक्टोबर १९७४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते तिरुवनंतपुरमचे खासदार होते. लोकसभेच्या नोंदींत त्यांच्या नावापुढे उत्तर मुंबई, मिदनापूर आणि तिरुवनंतपुरम असे तीन मतदारसंघ लागले. ज्या वस्तीत ते मतदारांच्या शेजारी राहिले आणि सलग तेरा वर्षे त्यांचे प्रतिनिधी होते, त्या सेंट पँक्रासचे नाव त्या नोंदींत असण्याचे कारणच नव्हते.