दिनकर बळवंत देवधर

दिनकर बळवंत देवधर (जन्म : पुणे, १४ जानेवारी १८९२, मृत्यू : पुणे, २४ ऑगस्ट १९९३) हे मराठी क्रिकेटपटू, महाराष्ट्र संघाचे कर्णधार आणि पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक होते. क्रीडाक्षेत्रात ते प्रा. देवधर या नावाने ओळखले जात. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशा लागोपाठच्या दोन हंगामांत रणजी करंडक जिंकला. भारतीय क्रिकेटमधील पितामह म्हणून त्यांचा गौरव होत असला, तरी अधिकृत कसोटी सामना त्यांना एकदाही खेळता आला नाही.

प्राध्यापक आणि खेळाडू

देवधरांचे आयुष्य मुख्यतः पुण्यात गेले. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्यांनी १९११ साली पदार्पण केले. त्या काळी भारतात क्रिकेटच्या मोठ्या स्पर्धा धर्मनिहाय संघांमध्ये होत आणि देवधर हिंदू संघाकडून खेळत. खेळावर उदरनिर्वाह करण्याची सोय तेव्हा नव्हती. संस्थानिकांच्या आश्रयाला असलेले थोडे खेळाडू सोडले, तर बाकीच्यांना नोकरी सांभाळूनच खेळावे लागे. देवधरांनी अध्यापनाचा पेशा पत्करला आणि संस्कृतचे अध्यापन व क्रिकेट ही दोन्ही क्षेत्रे अनेक वर्षे एकाच वेळी सांभाळली.

१९२६ची खेळी आणि हुकलेली कसोटी

१९२६-२७ च्या हंगामात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ भारतात आला. मुंबईत हिंदू संघाविरुद्धच्या सामन्यात कर्नल सी. के. नायडू यांनी १५३ धावा केल्या. त्याच महिन्यात मुंबईतच झालेल्या सामन्यात देवधरांनी अखिल भारतीय संघाकडून १४८ धावांची खेळी केली. भारतीय खेळाडू इंग्रज संघाशी बरोबरीने खेळू शकतात, हे या दौऱ्यात दिसून आले. त्यातून मिळालेल्या चालनेने १९२८ च्या डिसेंबरात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली आणि जून १९३२ मध्ये भारताने लॉर्ड्सच्या मैदानावर पहिला कसोटी सामना खेळला.

त्या वेळी देवधरांनी वयाची चाळिशी गाठली होती. इंग्लंडला जाणाऱ्या संघात त्यांना स्थान नव्हते. ज्या दौऱ्याने भारताच्या कसोटी प्रवेशाची वाट सुकर केली, त्यातील एक महत्त्वाची खेळी त्यांची होती. प्रत्यक्ष प्रवेशाची वेळ आली तेव्हा मात्र त्यांचे वय उलटून गेल्याचे मानले गेले. त्यानंतरही ते चौदा वर्षे प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळत राहिले आणि त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे यश याच उत्तरार्धात आहे.

महाराष्ट्र संघ

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली. त्या स्पर्धेत उतरणारा महाराष्ट्र संघ आजच्या महाराष्ट्र राज्याचा संघ नव्हता, हे येथे लक्षात घ्यावे लागते. राज्याची स्थापना १९६० साली झाली; संघाने हे नाव त्यापूर्वी पाव शतक धारण केले होते. मुंबईचा संघ वेगळा होता. विदर्भ मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत असे आणि त्या प्रांताचा संघ स्वतंत्र होता. बीड, औरंगाबाद, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठवाड्याचे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. हैदराबादच्या संघाने १९३७-३८ मध्ये करंडकही जिंकला होता. आज मराठवाड्याचे हे जिल्हे क्रिकेटच्या दृष्टीने महाराष्ट्र संघटनेच्या कक्षेत येतात. देवधरांच्या काळात मात्र या संघाचे केंद्र पुणे हे होते आणि शेजारच्या बलाढ्य मुंबईपुढे तो दुबळा गणला जाई.

करंडकाचे दोन हंगाम

१९३९-४० च्या हंगामात देवधरांच्या हाताशी तरुण खेळाडूंची चांगली फळी होती. मूळचे सांगलीचे विजय हजारे यांनी त्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक होय. त्या डावात हजारे आणि नगरवाला यांनी नवव्या गड्यासाठी २४५ धावांची भागीदारी केली. अंतिम सामन्यात महाराष्ट्राने संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव केला आणि करंडक प्रथमच पुण्यात आला.

पुढच्या हंगामात पुण्यातच मुंबईशी गाठ पडली. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या. त्यांत एकट्या देवधरांच्या २४६ होत्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना केलेली ही धावसंख्या त्यांच्या कारकिर्दीतील सर्वोच्च ठरली. मुंबईने खांडू रांगणेकर यांच्या द्विशतकाच्या बळावर पाठलाग केला, परंतु तिचा डाव ६५० धावांवर संपला. सामन्याचा निकाल न लागल्यास पहिल्या डावातील आघाडी निर्णायक ठरत असे. त्या नियमानुसार पंचवीस धावांच्या फरकाने महाराष्ट्र पुढे गेला. याच हंगामात रंगा सोहोनी यांनी नाबाद २१८ धावांची खेळी केली. मद्रास येथील अंतिम सामन्यात यजमान संघाला सहा गड्यांनी हरवून महाराष्ट्राने करंडक राखला. मुंबईनंतर सलग दोनदा हा मान मिळवणारा तो दुसराच संघ होता.

हजारे आणि सोहोनी पुढे भारताकडून कसोटी खेळले. हजारे यांच्या नेतृत्वाखाली १९५२ साली भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला. कर्णधाराला स्वतःला जे लाभले नाही, ते त्यांच्या संघातील या तरुणांना लाभले.

उत्तरकाळ

१९४४-४५ च्या हंगामात, वयाची बावन्न वर्षे पूर्ण केलेल्या देवधरांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके (१०५ आणि १४१) काढली. १९४६ साली ते प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधून निवृत्त झाले. ८१ सामन्यांत ३९.३२ च्या सरासरीने ४,५२२ धावा अशी त्यांची कामगिरी आहे. पुढे त्यांनी राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष आणि नियामक मंडळाचे उपाध्यक्ष या नात्यांनी काम केले. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या कन्यांनी राष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धांत विजेतेपदे मिळवली.

सन्मान

भारत सरकारने त्यांना १९६५ साली पद्मश्री आणि १९९१ साली पद्मभूषण या किताबांनी गौरवले. १९७३-७४ पासून विभागीय संघांसाठी मर्यादित षटकांची देवधर करंडक स्पर्धा सुरू झाली. वयाची शंभरी पूर्ण केल्यानंतर त्यांचे पुण्यात निधन झाले.

त्यांच्यानंतर महाराष्ट्राने १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या हंगामांत रणजी स्पर्धेचा अंतिम सामना गाठला, परंतु तिन्ही वेळा उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले. संघाच्या नावावर असलेले दोन्ही करंडक देवधरांच्या नेतृत्वाखाली मिळवलेले आहेत.