जो शेरिडन

जोसेफ ऊर्फ जो शेरिडन (इ.स. १९०९ – इ.स. १९६२) हे आयरिश आचारी होते. आयर्लंडच्या लिमरिक परगण्यातील फॉइन्स येथील विमानतळाच्या उपाहारगृहात मुख्य आचारी असताना त्यांनी गरम कॉफी, व्हिस्की, साखर आणि वर तरंगणारे क्रीम यांचे पेय तयार केले. पुढे ते आयरिश कॉफी या नावाने जगभर पसरले. आज हे पेय आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या अधिकृत कॉकटेलांच्या यादीत आहे. पेयाला मिळालेल्या कीर्तीच्या मानाने त्याच्या कर्त्याचे नाव मात्र मागेच राहिले, आणि आयर्लंडबाहेरचे अनेक लोक आयरिश कॉफीचा उगम सॅन फ्रान्सिस्कोत शोधतात.

प्रारंभिक जीवन

शेरिडन यांचा जन्म टायरोन परगण्यातील कॅसलडर्ग या गावाजवळ ब्रिजटाउन येथे झाला. हा भाग आता उत्तर आयर्लंडमध्ये येतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे कुटुंब डब्लिनला स्थलांतरित झाले. १९४३ च्या सुमारास फॉइन्सच्या उपाहारगृहासाठी आचारी हवा होता. तेथील व्यवस्था ब्रेंडन ओ'रेगन यांच्याकडे होती. हेच ओ'रेगन पुढे १९४७ मध्ये शॅनन विमानतळावरील करमुक्त दुकानाचे संस्थापक म्हणून प्रसिद्ध झाले. शेरिडन यांनी नोकरीसाठी पाठवलेला अर्ज जेमतेम एका वाक्याचा होता आणि त्यातील आत्मविश्वासावरच त्यांची निवड झाली, अशी आख्यायिका आहे.

फॉइन्स आणि उडत्या बोटी

शेरिडन यांचे काम समजण्यासाठी त्या काळचा विमानप्रवास लक्षात घ्यावा लागतो. अटलांटिक महासागर ओलांडणारी प्रवासी विमाने तेव्हा धावपट्टीवर नव्हे तर पाण्यावर उतरत. त्यांना उडत्या बोटी म्हणत. शॅनन नदीच्या रुंद खाडीच्या दक्षिण तीरावरील फॉइन्स हे बंदर त्यासाठी सोयीचे होते. १९३९ च्या जुलै महिन्यात पॅन अमेरिकन कंपनीचे 'यांकी क्लिपर' हे विमान न्यूयॉर्कहून प्रवासी घेऊन तेथे उतरले. दोनच महिन्यांत दुसरे महायुद्ध सुरू झाले. आयर्लंड तटस्थ होते, त्यामुळे युरोप आणि अमेरिका यांच्यामधील राजनैतिक अधिकारी, साध्या वेशातील लष्करी अधिकारी, निर्वासित आणि नामांकित व्यक्ती यांची फॉइन्समधून ये-जा होऊ लागली. खेडेवजा बंदराला काही वर्षे तरी जगाच्या चव्हाट्याचे रूप आले.

हा प्रवास खर्चिक होता, पण सुखाचा म्हणता येणार नाही. पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झुंजावे लागे. न्यूफाउंडलंडमधील बॉटवुड हा पुढचा थांबा होता. वारा फार प्रतिकूल असेल तर इंधन तेथवर पुरणार नाही, हे अनेकदा कित्येक तासांच्या उड्डाणानंतर कळे आणि वैमानिकाला परत फिरावे लागे. उतरल्यावरही प्रवाशांची सुटका नसे. विमान पाण्यात उभे राही आणि प्रवाशांना लहान होडीतून, थंड वारा आणि पाऊस झेलत धक्क्यावर आणले जाई. अशा गारठलेल्या माणसांना ऊब देणे हा उपाहारगृहाच्या कामाचाच भाग होता.

आयरिश कॉफीचा जन्म

हिवाळ्यातील एका रात्री न्यूयॉर्ककडे निघालेले विमान खराब हवामानामुळे मध्येच परत फिरले. वैमानिकाने बिनतारी संदेशाने तशी सूचना दिली आणि उपाहारगृहातील कर्मचाऱ्यांना पुन्हा कामावर बोलावण्यात आले. थकलेल्या प्रवाशांसाठी काहीतरी वेगळे करावे म्हणून शेरिडन यांनी कडक कॉफीत आयरिश व्हिस्की घातली. एका प्रवाशाने ही कॉफी ब्राझीलची आहे का असे विचारले, तेव्हा शेरिडन यांनी ती आयरिश असल्याचे सांगितले आणि तेच नाव पडले, असे मानले जाते. हा प्रसंग तोंडी आठवणींतून पुढे आला असून निरनिराळ्या कथनांत १९४२ आणि १९४३ अशी दोन्ही वर्षे आढळतात.

कॉफीत मद्य मिसळण्याची कल्पना शेरिडन यांच्यापूर्वीची आहे, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर रम, कॉफी आणि फेटलेले क्रीम यांचे 'फारिझेअर' हे पेय एकोणिसाव्या शतकापासून प्रचलित आहे. शेरिडन यांचे श्रेय घटकांच्या शोधात नसून त्यांच्या मांडणीत आहे. त्यांनी स्थानिक व्हिस्की वापरली, पेय देठाच्या काचेच्या पेल्यात दिले आणि क्रीम न ढवळता वर तरंगत ठेवले. गरम, कडवट कॉफी थंड क्रीमच्या थरातून ओठांपर्यंत यावी, ही या पेयाची खरी खूण होय.

कृती

सध्याच्या अधिकृत कृतीनुसार ५० मिलिलिटर आयरिश व्हिस्की, १२० मिलिलिटर गरम कॉफी, ५० मिलिलिटर थंड ताजे क्रीम आणि १ चमचा साखर लागते. घरी करताना काचेचा पेला आधी गरम पाण्याने तापवून घेतात. त्यामुळे पेय लवकर निवत नाही आणि काच तडकण्याची शक्यताही कमी होते. पेल्यात साखर, कॉफी आणि व्हिस्की घालून साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळतात. नंतर हलकेच फेटलेले क्रीम चमच्याच्या पाठीवरून सावकाश ओततात. क्रीम घातल्यावर पेय पुन्हा ढवळत नाहीत.

येथे क्रीम म्हणजे तापवलेल्या दुधावर येणारी साय नव्हे. कच्च्या दुधापासून वेगळा केलेला, सुमारे ३५ टक्के किंवा अधिक स्निग्धांश असलेला भाग अभिप्रेत आहे. कमी स्निग्धांशाचे क्रीम फेटूनही घट्ट होत नाही आणि कॉफीत मिसळून जाते. फेटणेही बेताचेच हवे. क्रीम ओतता येईल इतके पातळ राहिले पाहिजे, केकवर लावतात तसे ताठ होता कामा नये. साखर केवळ गोडीसाठी असते असा समज आहे, तो अपुरा आहे. मद्य पाण्यापेक्षा हलके असल्याने व्हिस्कीमुळे कॉफीची घनता घटते आणि क्रीम बुडू लागते. विरघळलेली साखर ती घनता पुन्हा वाढवते. त्यामुळे बिनसाखरेची आयरिश कॉफी करू पाहणाऱ्यांचे क्रीम बहुधा तळाकडे जाते.

शॅनन आणि सॅन फ्रान्सिस्को

युद्धकाळात लांब पल्ल्याची जमिनीवर उतरणारी विमाने विकसित झाली आणि उडत्या बोटींचे युग झपाट्याने संपले. १९४५ मध्ये फॉइन्सचा विमानतळ बंद झाला. वाहतूक खाडीच्या पलीकडे क्लेअर परगण्यातील रिनिआना येथे गेली. हाच आजचा शॅनन विमानतळ. शेरिडन आणि त्यांचे पेयही तेथे गेले.

सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या वृत्तपत्राचे प्रवासलेखक आणि पुलित्झर पारितोषिक विजेते स्टँटन डेलाप्लेन यांनी शॅनन येथे ही कॉफी चाखली. मायदेशी परतल्यावर १० नोव्हेंबर १९५२ रोजी त्यांनी आणि ब्वेना व्हिस्टा कॅफेचे मालक जॅक केपलर यांनी ती बनवण्याचा प्रयत्न केला. चव जुळत नव्हती आणि क्रीम दर वेळी बुडत होते. केपलर यांनी त्यासाठी शॅननची वारीही केली. अखेर दुग्धव्यवसायातील जॉर्ज क्रिस्तोफर यांच्या मदतीने हा प्रश्न सुटला. हे क्रिस्तोफर पुढे शहराचे महापौर झाले. ४८ तास मुरवलेले क्रीम ठरावीक प्रमाणात फेटले की तरंगते, असे त्यांना आढळले. डेलाप्लेन यांच्या लेखनामुळे पेयाची कीर्ती अमेरिकाभर झाली.

केपलर यांनी शेरिडन यांना आपल्याकडे नोकरी देऊ केली. ती स्वीकारून शेरिडन १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि ब्वेना व्हिस्टा कॅफेत काम करू लागले. ज्या कॅफेला आयरिश कॉफीने नाव मिळवून दिले, तेथे तिचा मूळ कर्ता नोकर म्हणून वावरत होता. तेथे येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांना डेलाप्लेन यांचे नाव ठाऊक असे. १९६२ मध्ये शेरिडन यांचे निधन झाले. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडील ओकलंड येथे त्यांचे दफन करण्यात आले.

स्मृती

शॅनन विमानतळावर शेरिडन यांच्या स्मरणार्थ फलक लावण्यात आला असून तेथील एका बारला त्यांचे नाव देण्यात आले. फॉइन्स येथील जुन्या विमानतळाच्या इमारतीत आता उडत्या बोटींचे संग्रहालय आहे. अभिनेत्री मॉरीन ओ'हारा या संग्रहालयाच्या आश्रयदात्या होत्या. त्यांचे पती चार्ल्स ब्लेअर हे उडत्या बोटींचे वैमानिक होते. आयरिश कॉफी बनवण्याची जागतिक स्पर्धाही फॉइन्समध्ये भरवली गेली आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील ब्वेना व्हिस्टा कॅफे अजून चालू असून तेथे काउंटरवर पेल्यांची रांग मांडून एकाच वेळी अनेक आयरिश कॉफी तयार करण्याची पद्धत आहे.