पहाटे रानात जाणारे कार्व्हर

शनिवारच्या गोष्टीच्या तासाला आमच्या गुरुजींनी एक होता कार्व्हर या पुस्तकातली गोष्ट सांगितली. हे पुस्तक वीणा गवाणकर यांनी लिहिले असून ते १९८१ साली निघाले. त्या थोर माणसाची माहिती मी माझ्या शब्दांत लिहीत आहे.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म अमेरिकेतील मिसुरी राज्यात डायमंड गावाजवळ झाला. त्यांची जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नाही. तो १८६४ च्या सुमारास झाला असे मानतात. त्यांची आई मेरी ही गुलाम होती. गुलाम म्हणजे बैलासारखा विकत घेतलेला माणूस. जॉर्ज तान्हे असताना एका रात्री लुटारू आले आणि त्यांनी आईला व बाळाला पळवून नेले. मालक मोझेस कार्व्हर यांनी शोधायला माणूस धाडला. आई सापडली नाही, ती कधीच सापडली नाही. बाळ तेवढे सापडले. ते डांग्या खोकल्याने मरायला टेकले होते. त्या बाळाच्या बदल्यात मालकांनी एक चांगला घोडा दिला असे सांगतात.

हे ऐकून मला कसंतरी झालं. कारण मी दुसरीत असताना फार आजारी पडलो होतो. पंधरा दिवस मला दवाखान्यात ठेवलं होतं. तेव्हा पैशासाठी अण्णांनी आमचा राजा नावाचा खोंड विकला. घरात मला कुणी काही बोलत नाही. पण पेरणीला अण्णा दुसऱ्याचा बैल मागायला निघाले की मी कणगीमागं लपून बसायचो.

१८६५ साली तिथली गुलामगिरी संपली. मोझेस आणि त्यांची बायको सुझन यांनी जॉर्ज व त्यांचा भाऊ जिम यांना आपल्या घरीच वाढवले. जॉर्ज अशक्त होते. शेतातले जड काम त्यांना झेपत नसे. म्हणून ते स्वयंपाक, धुणे आणि शिवणकाम शिकले. वेळ मिळाला की ते रानात पळत. तिथे त्यांनी लपवून एक छोटीशी बाग केली होती. शेजारीपाजारी आपली आजारी रोपे त्यांच्याकडे आणत. म्हणून लोक त्यांना झाडांचा डॉक्टर म्हणू लागले.

ते दहा वर्षांचे असतील तेव्हा शेजारच्या एका मुलाने त्यांना प्रार्थनेविषयी सांगितले. जॉर्ज माळ्यावर गेले. तिथे मक्याचे पीप होते. त्या पिपाजवळ गुडघे टेकून त्यांना जमली तशी त्यांनी प्रार्थना केली. तेव्हापासून ते ख्रिस्ताचे भक्त झाले. मी पण दहा वर्षांचा आहे, म्हणून ही गोष्ट मला फार आवडली.

जवळच्या शाळेत काळ्या मुलांना घेत नसत. मग ते चालत निओशो गावी गेले. तिथे मरिया वॉटकिन्स नावाच्या बाईंनी त्यांना घरात ठेवून घेतले व बायबल दिले. ते त्यांनी जन्मभर वाचले. पण पुढचे दिवस वाईट होते. १८७९ साली फोर्ट स्कॉट गावात जमावाने एका काळ्या माणसाला ठार मारलेले त्यांनी पाहिले. गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा वर्गात कुणी आवाज केला नाही. १८८३ साली भाऊ जिम देवीच्या रोगाने वारला. एका कॉलेजने आधी प्रवेश दिला आणि रंग काळा दिसताच दारातून परत पाठवले. इतके सोसूनही त्यांनी कुणाचा द्वेष केला नाही. मन दुखले की ते झाडाझुडपांत जात आणि शांत होऊन परत येत.

लोकांचे कपडे धुऊन ते शिकले. १८९४ साली त्यांना शेतकीची पदवी मिळाली. १८९६ साली ते अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे काळ्या मुलांच्या शाळेत शिकवायला गेले. तिथले शेतकरी गरीब होते. दरसाल कापूसच घेऊन जमीन निकस झाली होती. पुढे कापसाच्या बोंडात भुंगेराही पडला. कार्व्हर यांनी भुईमूग, चवळी आणि रताळी लावायला सांगितले. १९०६ पासून त्यांची शाळा गाडीत बसून खेड्याखेड्यांत जाऊ लागली. १९१६ साली त्यांनी भुईमुगाचे १०५ पदार्थ सांगणारी पुस्तिका काढली.

ते रोज पहाटे चारला उठून रानात एकटे फिरत. रेडिओवर जसे लांबचे ऐकू येते, तसा निसर्गातून देव बोलतो असे ते मानत. आपल्याला जे सुचते ते देवाचे देणे आहे, असे म्हणून ते त्याचे आभार मानत. त्यांच्या कोटाला नेहमी एक फूल असे. १९०७ पासून ते रविवारी मुलांना बायबल शिकवीत. आपली शिल्लकही त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकली. ५ जानेवारी १९४३ रोजी ते वारले.

गोष्ट ऐकली त्या रविवारी मी पहाटे अण्णांबरोबर रानात गेलो. दव पडलं होतं. मी भुईमुगाचं एक झाड उपटलं आणि मुळावरच्या बारीक गाठी अण्णांना दाखवल्या. त्या गाठींतले जंतू हवेतला नत्र धरून ठेवतात आणि जमिनीचा कस वाढतो, हे गुरुजींनी सांगितलेलं मी सांगितलं. मग घोड्याची गोष्ट पण सांगितली आणि मला रडू आलं. अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की खोंड बाजारात पुन्हा मिळंल, पोरगं कुठल्या बाजारात मिळतं?

कार्व्हर यांना तो घोडा परत देता आला नाही. पण ते जन्मभर लोकांच्या उपयोगी पडले. मला त्यांच्याएवढं काही येत नाही. पण आता अण्णा बैल मागायला निघाले की मी लपत नाही. कासरा धरायला त्यांच्याबरोबर जातो.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी