पियानोवर कोण आहे?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याची हार्ड डिस्क टेबलावरून पडली आणि तीन वर्षं जमवलेली त्याची गाणी गेली. सगळी नाही, पण बरीच. दुकानदाराने जेवढी वाचवून दिली, त्यांची नावं उलटसुलट झालेली. भाचा माझ्याकडे आला. घरातला पसारा आवरायचा म्हटलं की सगळ्यांना मावशीच आठवते! मग रोज दुपारी जेवणं आटोपली, की मी कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि एकेक गाणं ऐकून त्याच्या रकान्यात नाव, साल, गायक, संगीतकार भरायचे.

भाच्याला जॅझचं वेड. मला त्यातलं काही कळत नव्हतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी न्यू ऑर्लिन्सकडे जन्माला घातलेलं हे संगीत. वरातीच्या बँडमध्ये असतात तशीच वाद्यं, ट्रम्पेट, क्लॅरिनेट वगैरे. पण एक चाल धरायची आणि प्रत्येकाने आपल्याला सुचेल तशी ती वाढवत न्यायची. आपल्या गाण्यातल्या आलाप-तानांसारखंच म्हणा ना.

सगळ्या जुन्या फाइलींवर एकच नाव होतं, लुई आर्मस्ट्राँग. ट्रम्पेटचा बादशहा. पण मला ऐकू यायचा तो मागचा पियानो. ठाम, ठेका न सोडणारा, स्वतः पुढे न येणारा. मी भाच्याला विचारलं, पियानोवर कोण आहे? तो म्हणाला, त्याची बायको. नाव विचारलं तर त्याला शोधावं लागलं.

तिचं नाव लिल हार्डिन. जन्म मेम्फिसचा, ३ फेब्रुवारी १८९८ चा. आजी गुलामगिरीत जन्मलेली. आई कडक, धार्मिक. ब्लूज म्हणजे सैतानाचं गाणं असं मानणारी. लेकीला तिने पियानो शिकवला, नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात पाठवलं, ते मुलगी सभ्य व्हावी म्हणून. पुढे मायलेकी शिकागोला आल्या. तिथे लिलला एका वाद्यांच्या दुकानात काम मिळालं. गिऱ्हाइकाला छापील गाण्याचा कागद विकायचा, तर आधी ते वाजवून दाखवायचं. पगार आठवड्याला तीन डॉलर. एकदा दुकानात जेली रोल मॉर्टन हा नावाजलेला पियानोवादक आला आणि दणदणीत वाजवून गेला. तेव्हापासून म्हणे लिलची बोटं जोरात पडायला लागली. अंगाने मात्र ती एवढीशी!

मग एका बँडला पियानो वाजवणारं माणूस हवं होतं. लिल गेली आणि तिने नोटेशनचा कागद मागितला. कागद नव्हता. सूर कुठला, विचारलं, तर तेही कुणी सांगेना. दोन टकटक ऐकू आल्या की सुरू कर, एवढंच. तिने सुरू केलं आणि तिथेच राहिली. पगार झाला साडेसत्तावीस डॉलर. आईला सांगितलं, नाचाच्या शाळेत वाजवते. आता ही थाप होती खरी, पण एवढ्या पगाराच्या पोरीला मी तरी नावं ठेवणार नाही.

पुढे ती किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये गेली. १९२२ मध्ये तिथे न्यू ऑर्लिन्सहून लुई आला. जाडजूड, कपडे धड नाहीत, केस कपाळावर. लिलला तो पहिल्यांदा मुळीच आवडला नाही. तिचं मन बदललं ते १९२३ मध्ये, रिचमंड गावातल्या रेकॉर्डिंगच्या वेळी. तेव्हा माइक नव्हते. सगळ्यांनी एका भोंग्यासमोर उभं राहून वाजवायचं. लुईचा आवाज इतका मोठा, की बाकीचे ऐकूच येईनात. म्हणून त्याला दूर कोपऱ्यात उभं केलं. तो बिचारा तोंड पाडून उभा. लिलने मात्र हिशेब केला, ज्याला इतकं लांब ठेवावं लागतं तो ऑलिव्हरपेक्षा थोर असणार. ऑलिव्हरलाही ते ठाऊक होतं. लुईला आपल्याजवळ ठेवलं तर तो आपल्यापुढे जाणार नाही, असं त्याने लिलपाशी कबूलही केलं होतं.

फेब्रुवारी १९२४ मध्ये दोघांचं लग्न झालं. लिलने त्याचे कपडे बदलले, भांग बदलला आणि शेवटी त्याला ऑलिव्हरची नोकरी सोडायला लावली. लुई मोठा भिडस्त. गुरूला सोडायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं होतं. तो न्यूयॉर्कला गेला, तिथे गाजला. १९२५ मध्ये लिलने शिकागोच्या ड्रीमलँडमध्ये स्वतःच्या बँडमध्ये त्याला बोलावून घेतलं, आठवड्याला पंचाहत्तर डॉलरवर. जाहिरातीत त्याला जगातला सर्वांत मोठा ट्रम्पेटवादक म्हणायला लावणारी तीच.

त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला ‘हॉट फाइव्ह’चं पहिलं रेकॉर्डिंग झालं. जॅझच्या इतिहासात या तबकड्यांना मोठा मान आहे. पाच जण, त्यात लिल एकटी बाई. पियानो तिचा, कित्येक चालीही तिच्या. तबकडीवर मोठ्या अक्षरात नाव लुईचं. गंमत म्हणजे १९२६ मध्ये याच पाच जणांनी दुसऱ्या कंपनीसाठी वाजवलं. लुईचा करार पहिल्या कंपनीशी असल्यामुळे तिथे नाव दिलं ‘लिल्स हॉट शॉट्स’. तेवढ्यापुरतं का होईना, तिचं नाव वर आलं.

संसार टिकला नाही. लुई बाहेर रमला, १९३१ च्या सुमारास दोघं वेगळी झाली, १९३८ मध्ये घटस्फोट झाला. लिलने पुन्हा लग्न केलं नाही. स्वतःचे बँड चालवले, गाणी केली. ‘जस्ट फॉर अ थ्रिल’ हे तिचं गाणं १९५९ मध्ये रे चार्ल्सने गायलं आणि गाजलं. मधल्या काळात संगीताला कंटाळून ती चक्क शिवणकाम शिकली. परीक्षेसाठी तिने शिवला तो पुरुषी सूट, आणि तोही लुईच्या मापाचा! लोकांनी शिलाईचं कौतुक केलं आणि लगेच म्हणाले, आता पियानो वाजवा. आमच्या महिला मंडळातल्या बायकांना मी हा किस्सा सांगितला, तेव्हा शिवणवर्गातल्या दोघी कितीतरी वेळ त्या सुटाविषयीच बोलत होत्या. घटस्फोटानंतर कोण नवऱ्याचा सूट शिवतं?

६ जुलै १९७१ ला लुई गेला. अंत्ययात्रेत लिलला कुटुंबाच्या गाडीत जागा होती. नंतर शिकागोत त्याच्या स्मृतीसाठी कार्यक्रम ठरला, २७ ऑगस्टला, भर चौकात. लिल पियानोवर बसली, ‘सेंट लुई ब्लूज’ वाजवायला घेतलं आणि वाजवता वाजवता कोसळली. इस्पितळात पोचायच्या आतच गेली. त्र्याहत्तर वर्षांची होती.

पण मला चटका लावला तो पुढच्या गोष्टीने.

लुईला स्वतःचं सगळं जपायची हौस होती. घरी टेपरेकॉर्डर. सहाशेहून अधिक टेपा त्याने स्वतः भरल्या, गाणी, गप्पा, विनोद, सगळं. त्यांच्या खोक्यांवर कात्रणं चिकटवून चित्रं केली, याद्या लिहिल्या. त्याच्या शेवटच्या पत्नीने, ल्युसिलने, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं ते घर जसंच्या तसं राखलं आणि शहराला दिलं. २००३ मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं. टेपा डिजिटल करून ठेवल्या, २०१८ पासून हा ठेवा घरबसल्या पाहता-ऐकता येतो. लुईच्या आठवणीचे कार्यक्रम तर चालूच असतात.

आणि लिलचं? ती आत्मचरित्र लिहीत होती. अर्धवट राहिलेलं ते हस्तलिखित आणि तिची पत्रं अंत्यविधीनंतर तिच्या घरातून नाहीशी झाली. आवरून ठेवणारं कुणी नव्हतं.

भाच्याला मी हे सांगितलं. तो गप्प बसला, मग म्हणाला, संगीतकाराचा रकाना तूच भर. ‘स्ट्रटिन विथ सम बार्बेक्यू’ या गाण्यापासून सुरुवात केली. १९२७ चं, चाल लिलची. आमच्या फाइलीत तो रकाना रिकामाच होता. काही गाण्यांत पियानो तिचा की दुसऱ्या कुणाचा, याची खात्री करायला पुन्हा साल तपासावं लागलं, कारण १९२८ मध्ये त्या जागी अर्ल हाइन्स आला होता. या कामाला महिना लागला. आता सगळ्याच्या दोन प्रती आहेत, एक भाच्याकडे, एक आमच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली.

एक फाइल निराळी आहे. १९५६ मध्ये लिलने आपल्या आठवणी स्वतःच्या आवाजात सांगितल्या होत्या, त्यांची तबकडी निघाली. दुकान, दोन टकटक, कोपऱ्यातला लुई, सगळं त्यात आहे. भाच्याने ती ‘इतर’मध्ये टाकली होती. मी ती तिथून काढली आणि लिलच्या नावाच्या फोल्डरमध्ये सगळ्यात वर ठेवली.